चुकलेल्या गोळीनंतरचा दिवस

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून कंपन्या, कंपन्यांच्या मागे पारसिकचा डोंगर आणि डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या वस्त्या. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या या पट्ट्यातल्या एका वस्तीत मी टीबीच्या रुग्णांबरोबर काम करते. आमच्यापुढचा प्रश्न सांगायला सोपा आहे. सरकारी औषध फुकट मिळतं, आरोग्य केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आशाताई घरी येऊन चौकशी करतात. तरी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काही जणांच्या गोळ्या सुटतात.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल अशी चार औषधं एकाच गोळीत, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. वजनाप्रमाणे रोज दोन ते सहा गोळ्या घ्यायच्या. महिना-दीड महिन्यात ताप जातो, खोकला कमी होतो, भूक लागते. माणसाला वाटतं, झालो बरा. पण सगळे जंतू मेलेले नसतात. औषध सोडलं की उरलेले पुन्हा डोकं वर काढतात, आणि कधीकधी त्याच औषधांना दाद न देणारे होऊन. मग उपचार लांबतात, औषधं जड होतात, आणि घरातल्यांनाही तोच हट्टी टीबी लागायची भीती असते.

यावर सगळीकडे एक तयार उत्तर मिळतं: लोकांना गांभीर्य नाही, जनजागृती वाढवा. पथनाट्यं, पोस्टर, प्रभातफेऱ्या यांचं मोल मी कमी लेखणार नाही. त्यामुळे माणसं बेडका तपासायला येतात, हे मी पाहिलं आहे. पण जो तीन महिने रोज गोळ्या गिळतोय त्याला पोस्टर नवीन काय सांगणार?

याच सुमारास ठाण्यात डिझाइन थिंकिंगचं एक शिबिर झालं आणि आमच्या संस्थेने मला तिथे पाठवलं. शिकवणारे दोघं तरुण, डिझाइनचं शिक्षण घेतलेले. पद्धत त्यांनी पहिल्याच तासात सांगून टाकली. ज्याचा प्रश्न आहे त्याचं जगणं आधी जवळून समजून घ्या, मग प्रश्न नेमका कोणता ते मांडा, मग मोकळेपणाने उपाय सुचवा, त्यातल्या काहींचे कच्चे नमुने करा आणि ते खऱ्या माणसांच्या हातात देऊन बघा. कुठल्याही टप्प्यावरून मागे यायला मोकळीक. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेने ही पाच पायऱ्यांची मांडणी जगभर पोचवली. आयडिओसारख्या डिझाइन कंपन्या वस्तू घडवताना त्याआधीपासूनच अशा रीतीने काम करत होत्या.

वस्तू घडवायची रीत माणसांच्या प्रश्नांना कशी लागू पडेल, ही शंका मी तिथेच विचारली. त्यावर त्यांनी १९७३ सालच्या एका लेखाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे दोन प्राध्यापक, हॉर्स्ट रिटल आणि मेल्विन वेबर यांनी नियोजनातल्या अवघड प्रश्नांची लक्षणं त्यात मांडली होती. अशा प्रश्नांना त्यांनी ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं. त्यांची एक ठरलेली व्याख्या करता येत नाही. ते कुठे संपले हे कळत नाही. उत्तर बरोबर किंवा चूक नसतं, बरं किंवा वाईट असतं. प्रत्येक प्रश्न दुसऱ्या एखाद्या प्रश्नाचं लक्षण असतो. आणि जो उपाय करून बघाल त्याची किंमत कुणाला तरी खरोखर मोजावी लागते, कारण माणसांवर केलेला प्रयोग पुसून टाकता येत नाही. हे ऐकताना मला आमची वस्ती डोळ्यांसमोर दिसत होती. गोळी सुटण्यामागे रोजगार, रोजगारामागे गाव सोडून येणं, त्यामागे पाणी आणि शेती. इकडे दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, खिडकी नाही, आणि ज्यांनी दगडखाणीत उमर काढली त्यांच्या छातीत भरलेली धूळ. अशा धुळीने सिलिकोसिस झाला की टीबीचा धोका कितीतरी वाढतो. ओढाल तो धागा दुसऱ्यात अडकलेला.

शिबिरातले ते दोघं तरुण नंतर आमच्या वस्तीत येऊन काम करायला तयार झाले. पहिली पायरी सर्वांत लांबली, आणि लांबायलाच हवी होती.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीलाच ठरवली: ‘गोळी का सोडली?’ असं कुणालाच विचारायचं नाही. या प्रश्नाने समोरचा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि ‘विसरलो’ म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी एकच विचारायचं, ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते सांगा.’ खाकी कागदाचा लांब पट्टा जमिनीवर पसरायचा आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत त्याचा दिवस त्यावर लिहायचा. पाणी किती वाजता येतं, चूल किंवा गॅस कधी पेटतो, कामावर कधी निघायचं, जेवण कधी, गोळी कधी.

जालन्याकडची एक बाई कंपनीत हाऊसकीपिंगला जाते. तिच्या गोळ्या वरच्या फळीवर, साबुदाण्याच्या डब्यात असतात. एकादशीशिवाय त्या डब्याला कुणाचा हात लागत नाही, म्हणून ती जागा. नवऱ्याला आजार माहीत आहे, सासरी गावाकडे माहीत नाही. पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा ती उठते. सकाळी उपाशीपोटी गोळ्या घ्यायला सांगितलंय, तशा घेतल्या की मळमळतं, आणि कंपनीच्या बसमध्ये उलटी होईल या धास्तीने तिने गोळ्या संध्याकाळवर ढकलल्या. संध्याकाळी आल्यावर स्वयंपाक, पोराचा अभ्यास. सासू पंधरा दिवस राहायला आली तेव्हा तर वरच्या फळीकडे बघायचीही सोय उरली नाही. सासू गेल्यावर तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या का? नाही. का, ते तिने खूप नंतर सांगितलं, आणि तिथेच आमच्या कामाने वळण घेतलं. त्याकडे येते.

कंपनीत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या एका तरुणाने मला निरुत्तर केलं. “ताई, रात्रपाळी सुटून आलो की माझी रात्र सुरू होते. तुम्ही म्हणता गोळी सकाळी घ्या. माझी सकाळ कुठली धरायची?” त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. आमच्या एकाही पत्रकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

नाक्यावर उभे राहणारे मिस्त्री आणि बिगारी यांचं गणित आणखी वेगळं. सकाळी सात-साडेसातला नाका भरतो, नऊपर्यंत मुकादम माणसं उचलून नेतो. केंद्र उघडतं नऊला. गोळ्या आणायच्या म्हणजे त्या दिवशीचा खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आणि गावाकडून निरोप आला, कुणी वारलं किंवा लग्न निघालं, की त्याच रात्री एसटी पकडायची. तिकडे किती दिवस लागतील हे निघताना कुणालाच माहीत नसतं.

आम्ही लोकांना रिकाम्या स्ट्रिप फेकू नका असं सांगितलं होतं. एका रविवारी त्या सगळ्या सतरंजीवर मांडल्या. काहींनी फॉइलवर बॉलपेनने तारखा घातल्या होत्या, काहींनी नुसत्या रेघा. तारखा आणि खाकी कागदावरचे दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहिले. खंड पडला होता तो पाळी बदलल्यावरच्या एक-दोन दिवसांत, गावाला गेल्यावर, आणि जुनी स्ट्रिप संपून नवी आणायची असते तेव्हा. ‘आता बास’ असं ठरवून गोळ्या सोडणारे फार थोडे. बहुतेकांच्या सुटत गेल्या होत्या. पण दोन दिवस चुकणं आणि दोन महिने बंद होणं यांच्यामध्ये काहीतरी घडत होतं, ते स्ट्रिपवर दिसत नव्हतं.

ते त्या जालन्याच्या बाईने सांगितलं. “चार दिवस चुकले ताई. मग म्हटलं, आता गेले की सगळ्यांसमोर बोलणी बसणार. उद्या जाऊ, परवा जाऊ. मग जायचं तोंडच राहिलं नाही.” मग हाच प्रश्न आम्ही इतरांना वेगळ्या शब्दांत विचारत गेलो, आणि तीच गोष्ट मिस्त्र्याने सांगितली, रात्रपाळीवाल्यानेही सांगितली. गोळी चुकल्यावर आता ओरडा बसेल, नव्याने सगळं सुरू करावं लागेल, या भीतीने माणूस केंद्राकडे फिरकतच नाही. आजाराचं गांभीर्य त्याला नसतं असं मुळीच नाही. गांभीर्य कळतं म्हणूनच तो इतका घाबरलेला असतो.

दुसरी पायरी म्हणजे प्रश्न मांडणं. शिबिरात मला ती औपचारिकता वाटली होती. वस्तीत कळलं की सगळं तिथेच ठरतं. आधीचा प्रश्न होता, औषधाचं महत्त्व लोकांना कसं पटवायचं. आता फळ्यावर लिहिलं: गोळी चुकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी परत येणं सोपं कसं होईल? पहिल्या प्रश्नातून पत्रकं निघतात. दुसऱ्यातून काय निघेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला वाटतं तीच त्याची ताकद होती.

असं काम आपल्या देशात या पद्धतीला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी झालं आहे, आणि टीबीतच झालं आहे. मद्रासमध्ये १९५६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या रुग्णांसाठीच्या खास रुग्णालयात, वर्षभर विश्रांती, चांगलं अन्न आणि औषध. दुसऱ्याला तेच औषध त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. १९५९ साली निष्कर्ष आले: घरी राहून बरे होणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच. घरच्या माणसांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. सॅनेटोरियम हाच उपाय मानणाऱ्या जगाला त्यामुळे विचार बदलावा लागला. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या अभ्यासाने तर मी थक्क झाले. खेड्यातल्या टीबीच्या रुग्णांना आजाराची जाणीव नाही, त्यांना शोधून काढावं लागेल, असा समज होता. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांनाच विचारलं. बहुतेकांना लक्षणं जाणवत होती आणि निम्म्याच्या आसपास आधीच दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथून त्यांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं गेलं होतं. तेव्हा दारात आलेल्या खोकणाऱ्या माणसाचा बेडका तपासणं हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा कणा झाला. विचारणाऱ्याने नीट विचारलं तर माणूस नीट सांगतो, हे मला यातून पटलं आणि आमच्या आशाताईंनाही मी हीच उदाहरणं देते.

उपाय सुचवायला रुग्ण, आशाताई, केंद्रातले टीबीचे व्हिजिटर, म्हणजे रुग्णांचा पाठपुरावा करणारे कर्मचारी, आणि आम्ही एकाच सतरंजीवर बसलो. आठवण देणारं ॲप करू या, असं डिझाइनवाल्या मुलाने उत्साहाने मांडलं. एक मावशी म्हणाल्या, “बाबा, फोन माझा नाही, पोराचा आहे. तो कामावर नेतो.” दुसरी म्हणाली, गजर वाजला की शेजारीण विचारते, कसला गो? ॲप तिथेच बाजूला पडलं, आणि त्या मुलाने ते मनावर घेतलं नाही याचं मला कौतुक वाटलं. किराणा दुकानात गोळ्या ठेवायच्या, ही मिस्त्र्यांची सूचना. डॉक्टरांनी त्याला ठाम विरोध केला आणि तो योग्यच होता: डोळे पिवळे झाले, अंधुक दिसू लागलं, उलट्या थांबेनात, तर ते ओळखणारं कुणीतरी गोळी देताना समोर हवं.

शेवटी तीन नमुने करायचं ठरलं.

पहिला, आठवड्यातून दोन संध्याकाळी वस्तीतच गोळ्या. जागा म्हणून आधी एका मंडळाचं कार्यालय घेतलं. पुरुष आले, बायका आल्या नाहीत, कारण बाहेर कॅरम चालतो आणि त्या घोळक्यातून जिना चढायचा कुणी? मग बालवाडीत हलवलं. तिथे बाई कुठल्याही कारणाने जाऊ शकते, कुणी वळून बघत नाही.

दुसरा, गावाला जाताना न्यायचं कार्ड. त्यावर निक्षय आयडी, किती स्ट्रिप बरोबर आहेत, गावाजवळचं सरकारी केंद्र कोणतं, तिथे कुणाला भेटायचं. निक्षय ही टीबीच्या रुग्णांची देशभरातली नोंदणी आहे, तिच्यावरून एका जिल्ह्यातला रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. पण ही सोय आहे हे वस्तीत जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं. कार्डाच्या पहिल्या नमुन्यावर वर मोठ्या अक्षरांत ‘क्षयरोग’ होतं. रात्रपाळीवाल्याने ते हातात घेतलं, उलटं करून सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाला, “हे एसटीत खिशातून पडलं तर?” दुसऱ्या नमुन्यात आजाराचं नावच नाही. साध्या केसपेपरसारखं दिसतं, ज्याला कळायचं त्याला आयडीवरून कळतं. मागच्या बाजूला चित्रं काढली: लघवी नारिंगी-लाल होते, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. लघवीचा रंग बघून रक्त जातंय असं समजून एकीने पहिल्याच आठवड्यात गोळ्या बंद केल्या होत्या, तिनेच ते चित्र पहिलं मागितलं. पाळीवाल्यांसाठीची ओळ डॉक्टरांना विचारून घातली: उठल्यावर, जेवणाआधी, मग ते घड्याळात कितीही वाजलेले असोत. ज्यांना उपाशीपोटी फार मळमळतं त्यांच्यासाठी वेगळा सल्ला, तोही डॉक्टरांनीच द्यायचा.

तिसरा नमुना कागदावर नव्हताच. गोळ्या चुकल्यावर परत आलेल्या माणसाला केंद्रात पहिलं वाक्य कोणतं ऐकू यावं, एवढंच. ‘का आला नाहीत?’ याच्या जागी ‘आलात बरं झालं, किती स्ट्रिप उरल्यात?’ ऐकायला किती छोटं! पण हाच नमुना सगळ्यात अवघड गेला. व्हिजिटर आणि आशाताईंबरोबर आम्ही तो करून पाहिला, त्यांनीच रुग्ण व्हायचं. एक आशाताई रुग्ण म्हणून खुर्चीवर बसल्या, समोरून नेहमीच्या सुरात प्रश्न आला, आणि त्या खाली बघायला लागल्या. खोलीत काही क्षण कुणी बोललं नाही. मग व्हिजिटरांनी स्वतःची बाजू सांगितली. एक रुग्ण सुटला की वरून विचारणा होते, फोन येतात, अहवालात खुलासा द्यावा लागतो. तो ताण रुग्णावर निघतो. हे ऐकायला आम्ही इतके दिवस का थांबलो होतो? ज्याचा प्रश्न आहे तो, म्हणजे फक्त रुग्ण नव्हे. खिडकीच्या आत बसलेल्या माणसाचाही दिवस खाकी कागदावर लिहायला हवा होता, तो आम्ही मग लिहिला. त्यातून निघालं की खंडाची नोंद करायचं काम संध्याकाळी बालवाडीत झालं तर त्यांचा सकाळचा ताण हलका होतो. रुग्णासाठी काढलेली वेळ त्यांच्याही कामाला आली.

या पद्धतीच्या हातात काय नाही, तेही सांगायला हवं. निक्षय पोषण योजनेत एप्रिल २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये यायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. रक्कम वाढली याचा मला मनापासून आनंद आहे. अंडी, शेंगदाणे, दूध त्यातूनच येतं. पण ज्या बाईचं स्वतःचं खातंच नाही तिच्यासाठी आधी आधार, मग बँक, मग जोडणी, अशी धावपळ करावी लागते, आणि कुठलाही कच्चा नमुना ती टाळू शकत नाही. खोलीला खिडकी कार्डाने पडत नाही. खाड्याच्या दिवसाची मजुरी मालक देत नाही. घर, मजुरी, धूळ हे प्रश्न कायद्याचे आणि पैशाचे आहेत, त्यांच्यासाठी मोर्चा, निवेदन, सुनावणी हेच मार्ग आहेत आणि ते सोडता कामा नयेत. चार दिवसांचं शिबिर, भिंतभर रंगीत चिठ्ठ्या आणि शेवटी फोटो, एवढ्यावर थांबणारं डिझाइन थिंकिंग मी पाहिलं आहे. वस्तीला त्याचा उपयोग नाही. पहिल्या पायरीला महिने द्यायची तयारी असेल तरच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बालवाडीतली संध्याकाळ आता सुरळीत चालते. तिच्या वेळा रुग्णच ठरवतात. पाऊसकाळात त्यांनी ती अर्धा तास अलीकडे घेतली, कारण डोंगराची पायवाट अंधारात निसरडी होते. गोळी चुकलेली माणसं स्वतःहून येतात आणि बसायच्या आधीच सांगतात, इतके दिवस चुकले. जालन्याच्या बाईचा कोर्स पुरा झाला. शेवटचा बेडका निगेटिव्ह आला तेव्हा तिने सासूला फोन करून सगळं सांगितलं, हे आम्हाला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

सध्या आमच्यापुढे नवा प्रश्न आहे तो घरातल्या निरोगी माणसांचा. रुग्णाबरोबर राहणाऱ्यांनी आजार होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध घ्यायचं असतं. त्यातला एक प्रकार आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. ज्याला खोकला नाही, ताप नाही, त्याने गोळ्या का घ्याव्यात? उत्तर मला माहीत आहे, पण ते पत्रकात छापायची घाई आम्ही करत नाही. खाकी कागदाचा नवा रोल आणला आहे आणि पहिल्या घरात रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर बसायचं ठरलंय. घरातल्या सगळ्यांनी थांबायचं कबूल केलंय, रात्रपाळीचा थोरला मुलगासुद्धा.